शिक्षकाचे व्यक्तिमत्त्व आणि प्रेरणा : साने गुरुजींचे अमळनेर

माध्यमिक शिक्षकाचा प्रभाव केवळ अध्यापनपद्धतीवर अवलंबून नसतो. स्वभाव व प्रेरणा यांचा त्यात मोठा वाटा असतो. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वृत्ती संकोची, कमालीची भावनाप्रधान. शिस्तीच्या कैवाऱ्यांना हे वैगुण्यच वाटावे. परंतु छात्रालयाची जबाबदारी येताच तेच सामर्थ्य ठरले. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडून आवरीत. आज्ञेने जे साधले नसते, ते मुलांच्या ओशाळेपणाने साधले. मुलांसाठी ते हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. पुढील लेखकाची घडण येथेच शोधावी लागते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मधील श्याम रात्री आश्रमातील मित्रांना आठवणी सांगतो, ती श्रोतृमंडळी छात्रालयातील मुलांच्या जवळची वाटते.

मात्र ही प्रेरणा शाळेच्या भिंतींत मावणारी नव्हती. आत्मीयतेने मुलांना बांधून घेणारी ध्येयवृत्तीच त्यांना शाळेबाहेर घेऊन गेली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी नोकरी सोडली. ज्या शिक्षकीने त्यांना ‘गुरुजी’ हे नाव आयुष्यभरासाठी दिले, ती जेमतेम सहा वर्षांची होती.