वत्सगुल्माचे लेणे आणि हातोड्याचा घाव

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, येथे होती. त्या शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले, असे तेथील शिलालेखावरून कळते. अजिंठ्याच्या चित्रांवर विपुल विवेचन झाले आहे. परंतु चित्रकाराला भिंत मिळण्याआधी असंख्य घावांनी कातळ पोकळ करावा लागला, आणि त्या कामाचे श्रेय पाथरवटाइतकेच लोहाराचेही आहे.

हातोडा हाताचे बळ साठवतो व क्षणात मोकळे करतो. ४ किलोचा घण सेकंदाला ६ मीटर वेगाने येऊन आदळला, तर त्यात ७२ ज्यूल गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे आलेली कार्यशक्ती, असते. तो १ मिलिमीटर अंतरात थांबल्यास घाव बसल्या जागी सरासरी सुमारे ७ टन वजनाइतका जोर पडतो. घणाचे वजन दुप्पट झाले तर ही ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट झाला तर चौपट.

बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, दाब पुष्कळ सोसतो, पण ताण, म्हणजे ओढून फाकवणारे बल, त्याला फारच कमी सोसते. छिन्नीच्या टोकाखाली त्याचा चुरा होतो, आजूबाजूला ताण निर्माण होऊन तडा जातो, आणि तो तडा जवळच्या मोकळ्या कडेकडे धावून कपची उडते. मोकळी कड नसेल तर घाव बराचसा वाया जातो. अजिंठ्याच्या अपूर्ण राहिलेल्या २४ क्रमांकाच्या लेण्यात कारागिरांनी आधी अरुंद बोळ खोदून मध्ये दगडाच्या भिंती राखलेल्या दिसतात. बोळांमुळे त्या भिंतींना दोन्ही बाजूंनी मोकळ्या कडा मिळाल्या, हे त्या कारागिरांचे शास्त्रच म्हटले पाहिजे.

लोखंडाची रीत वेगळी आहे. भट्टीत केशरी होईपर्यंत तापलेल्या लोखंडातील अणूंचे थर घावाखाली एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे ते न फुटता पसरते. वखराची पास शेवटून देणारा, म्हणजे तापवून व ठोकून तिला धार आणणारा, खेड्यातला लोहार याच गुणावर काम करतो. दगडावर बोथट झालेली छिन्नीही अशीच पुन्हा घडवावी लागते. मग पोलादी टोकाला पाणी देतात, म्हणजे ते तापवून एकदम थंड करतात. त्याने ते कठीण होते, पण ठिसूळही होते, म्हणून पुन्हा हलकेच तापवून तो ठिसूळपणा कमी करतात. छिन्नीचे डोके मात्र मऊच ठेवतात, कारण कठीण डोक्यावर हातोडा बसला तर ढलपी उडण्याची भीती असते. मऊ डोक्याची कड घाव खाऊन बाहेर पसरते आणि ती वेळोवेळी घासून काढावी लागते.