वीजजोडणी नसताना फिरत्या दवाखान्याची सरकती खोली

उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली परिसरातील गुड्या-तांड्यांवर आरोग्य शिबिर भरवायचे म्हटले की बहुधा शाळेच्या व्हरांड्यावर किंवा झाडाच्या सावलीवर भागवावे लागते. मातेला व बालकाला आडोसा मिळत नाही. फिरता दवाखाना हा त्यावरील एक उपाय होय. पाश्चात्त्य देशांतील सहलीच्या घरगाड्यांना बाजूने बाहेर सरकणारी खोली असते. तीच रचना काही मोठ्या फिरत्या दवाखान्यांतही आढळते. परंतु विजेची जोडणीच नसेल, तर ही खोली चालावी कशी?

उत्तर सोपे आहे : बॅटरीवर. खोली सरकवणारी मोटर बहुधा १२ व्होल्टवर चालते. ती ३० अँपिअर प्रवाह ४० सेकंद घेते असे धरले, तर एका वेळी सुमारे एकतृतीयांश अँपिअर-तास खर्ची पडतो. याउलट ३५० वॅटचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर तासभर चालवल्यास ३० अँपिअर-तासांहून अधिक लागतात. म्हणजे खोली एकूण वीज थोडीच घेते. मात्र ती अल्पावधीत जोराने घेते.

खरी मेख येथेच आहे. विश्रांतीत नाडी उत्तम असलेल्या हृदयरोग्याला जिना चढताना धाप लागते, तसेच थकलेल्या बॅटरीचे असते. दिवे मंद जळत राहतात, पण मोटर सुरू होताच व्होल्टेज कोसळते आणि खोली अर्ध्यावर अडकते. थंडीत शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता आणखी घटते. आपल्या जिल्ह्यातील पौषातल्या पहाटे हे विशेष ध्यानात ठेवावे.

म्हणून क्रम असा असावा. गाडी प्रथम समतल जागी उभी करावी. इंजिन चालू ठेवून, म्हणजे अल्टरनेटरचा आधार घेऊन, खोली उघडावी. उत्पादकाची सूचना वेगळी असल्यास तीच प्रमाण मानावी. सरकत्या फटीजवळ लहान मुले नाहीत याची खात्री एकाने बाहेर उभे राहून करावी. इंजिनाचा वा जनरेटरचा धूर खोलीत शिरू देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विश्रांतीतील शिसे-आम्ल बॅटरी १२.२ व्होल्टवर आली की ती सुमारे निम्मी रिती झाली असे समजावे व जड उपकरणे थांबवावीत. लसींचा भार बॅटरीवर टाकूच नये. बर्फाच्या पिशव्या घातलेला लसवाहक त्यासाठी पुरेसा आहे.

बहुतेक विजेच्या सरकत्या खोल्यांना हाताने मिटवण्याची सोय असते. ते हँडल कोठे आहे आणि कसे फिरवायचे, हे केवळ चालकालाच नव्हे, तर चमूतील आणखी एकाला तरी ठाऊक असावे. शिबिरापूर्वी एकदा रंगीत तालीम अवश्य करावी.

हा आग्रह केवळ यंत्रासाठी नाही. खोली बाहेर असेपर्यंत गाडी जागची हलू शकत नाही. झटके येणाऱ्या किंवा धाप लागलेल्या बालकाला आदिलाबादच्या रिम्समध्ये तातडीने न्यायचे झाले, तर अडकलेली खोली जीवघेणी ठरेल. त्याकरिता दुसरे वाहन हाताशी ठेवावे, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला गावात येण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी आणि बॅटरीत खोली मिटवण्याइतके बळ नेहमी राखावे. वीज नसलेल्या गावी जाताना औषधांच्या यादीइतकीच विजेची यादीही काळजीपूर्वक करावी, हीच सर्व सहकाऱ्यांना विनंती.