काट्यावर आधी कोण, भरलेली गाडी की रिकामी?

गेल्या हंगामात शेतकी खात्याकडे एक तक्रार पुन्हा पुन्हा आली. "साहेब, माझी भरलेली ट्रॉली सात तास उन्हात वाळतीय, अन् तुमचा काटेवाला रिकाम्या गाड्यांना वाट देतोय. हा कुठला न्याय?"

राग रास्त आहे. ऊस तुटला की त्याचे वजनही घटते आणि साखरही. पैसे वजनावर मिळतात, दर उताऱ्यावर ठरतो, म्हणजे मार दोन्हीकडून. तरीही रिकामी गाडी आधी सोडणे कधी कधी भाग पडते.

हिशेब साधा आहे. प्रत्येक गाडी काट्यावर दोनदा चढते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दिवसाला ५००० टन गाळायचे तर तासाला सुमारे २०८ टन ऊस लागतो. गाडीमागे सरासरी १५ टन धरा, तासाला १४ गाड्या झाल्या, म्हणजे २८ वजने. एका वजनाला दोन मिनिटे धरली, तर एका काट्याची ५६ मिनिटे संपली. उरली चार. तेवढी एखादी पंक्चर ट्रॉली किंवा नंबरावरून झालेली बाचाबाची खाऊन टाकते. बैलगाड्यांचा काटा वेगळा आहे म्हणून बरे, नाहीतर काही खरे नव्हते!

त्या हंगामात एका रात्री मीही लोकांच्या रागापुढे नमलो. काटा क्लार्कला सांगितले, "आज भरलेल्याच आधी घ्या." दोन तासांत बाहेरची रांग आटली. मंडळींनी मला चहासुद्धा पाजला. पण गव्हाणीची भूक काही वाढली नव्हती. आत आलेल्या गाड्यांनी यार्ड खच्चून भरले. खाली झालेल्या गाड्यांना काट्यापर्यंत जायला वाट उरली नाही, त्या अनलोडरखालीच अडकल्या आणि मागच्या भरलेल्या गाडीला पुढे सरकता येईना. पहाटे यार्डात ऊसच ऊस, गव्हाण मात्र रिकामी. मिल थांबली. तिकडे फडात टोळी गाडीची वाट पाहत बसलेली, आदल्या दिवशी तोडलेला ऊस बांधावर पडून. तो ऊस कोणाचा होता? ज्यांनी मला चहा पाजला त्यांच्यापैकीच दोघांचा.

म्हणून पुढे आम्ही पद्धत बदलली. एरवी एक भरलेली, एक रिकामी. यार्ड पाऊण भरले की रिकाम्या आधी बाहेर. गव्हाणीपुढचा साठा उतरला, बहुधा पहाटेच्या सुमारास, की भरलेल्या आधी आत आणि रिकाम्यांनी थांबायचे. ड्रायव्हर लोक कुरकुर करतात, करू देत. मात्र सरसकट एकाच बाजूला झुकते माप द्यायचे नाही, मग फोन कोणाचाही येवो.

भरलेल्या गाड्यांतही नंबरापेक्षा तोडणीची वेळ महत्त्वाची. काल सकाळी तुटलेला ऊस आज दुपारी तुटलेल्याच्या मागे राहता कामा नये. पण चिटबॉय स्लिपवर नुसती तारीख टाकतो आणि वेळेची जागा कोरी राहते, तिथे आमचा नाइलाज होतो. फडातून गाडी हलण्यापूर्वी ती वेळ लिहून घ्या, आणि खरी लिहून घ्या.

आणखी एक. वजन होऊन सुटलेली रिकामी गाडी गेटबाहेरच्या टपरीपुढे तासभर उभी दिसली, तर तिचा नंबर गट कार्यालयात कळवा. ती गाडी कोणाच्या तरी फडात हवी असते.