भांडण आधी कुणाच्या दारात न्यायचं?

गटातली भांडणं पैशावरून होतात असं आपण म्हणतो. पण आम्ही गावोगावच्या बैठकांना जातो तेव्हा दिसतं की पैसा थोडाच असतो, बोलणं जास्त असतं. हप्ता दोन दिवस उशिरा आला म्हणून सुरुवात होते आणि गाडी जाते ती कुणी कुणाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही तिथवर. आमच्या काही गटांत ख्रिस्ती बहिणी आहेत. त्यांच्या बायबलमध्ये भांडण मिटवण्याची जी रीत सांगितली आहे, ती आज समजून घेऊ. धर्म कुठलाही असो, ती आपल्या बैठकीत चालण्याजोगी आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने पायऱ्या सांगितल्या आहेत. कुणी तुमचा अपराध केला, तर आधी एकटीने तिच्याकडे जा आणि दोघींतच बोला. ऐकलं नाही, तर एक-दोघींना सोबत न्या. तरीही नाही, तर मग मंडळीपुढे मांडा. आपल्याकडे काय होतं? बरोबर उलटं! गोष्ट आधी नळावर पोचते, मग बैठकीत, आणि जिच्याबद्दल आहे तिला सगळ्यांत शेवटी कळते. तोवर तिची चूक मान्य करायची तयारी असली तरी ती करणार कशी? चार जणींत मान खाली जाते ना.

त्याच शुभवर्तमानात 5व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. वेदीवर अर्पण वाहायला गेलात आणि आठवलं की कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. नीट बघा हं. 18व्या अध्यायात जिला दुखावलं तिने जायचं आहे आणि इथं जिच्यावर राग आहे तिने. ‘तिने आधी यावं’ असं म्हणायची सोय दोघींनाही ठेवलेली नाही. दोघी निघाल्या तर वाटेतच भेटतील.

आता हिशेबाची गोष्ट. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, 6व्या अध्यायात, यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतली तक्रार लिहिली आहे. तिथं विधवांना रोज अन्नाची वाटणी होई. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांकडे होत नाही. पुढाऱ्यांनी ‘गप्प बसा, देवाच्या घरात भांडू नका’ असं म्हटलं नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि चांगल्या नावाची सात माणसं तुम्हीच निवडा, त्यांच्याकडे हे काम देऊ, असं सांगितलं. निवडलेल्या साती जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्या विश्वासातल्या माणसांच्या हाती वाटप गेलं, असं आम्हाला वाटतं. कर्जवाटपात एकाच गल्लीला झुकतं माप मिळतं अशी कुरकुर तुमच्या गटात असेल, तर पुढच्या बैठकीत कर्जाची नोंदवही तक्रार करणारीच्याच हाती देऊन मोठ्याने वाचायला लावा. शांत राहा म्हणण्यापेक्षा त्याने लवकर शांतता होते.

पौलाच्या एका पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं भांडण येतं. कारण त्याने लिहिलंच नाही, कोण बरोबर तेही नाही. दोघींना वेगवेगळी विनंती केली, आणि यांना मदत कर असं तिसऱ्या सोबत्याला सांगितलं. दोघींनी आपल्याबरोबर कष्ट केलेत, हीही आठवण दिली. मध्यस्थी करणारीने एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये असंही बायबल सांगतं, पण प्रत्येक जखम एका रात्रीत भरत नाही. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि नवरा-बायको दुरावले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तेव्हाही सुरुवातीला आपलं सोवळं पाळत होत्या. स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या 1900 साली. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलंय, गटाच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा.

एक मात्र वेगळं सांगायला हवं. क्षमा कर, सोसून घे, असं सांगून मार खाणाऱ्या बाईला कुणी परत त्याच घरात ढकलत असेल, तर ते या शिकवणीत बसत नाही. मत्तयाच्या त्याच अध्यायात शेवटची पायरी आहे: मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला परका समजा. मारहाण होत असेल तर एकटीने बोलायला जाण्याची पहिली पायरीही धरू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्यासाठी आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे आणि जीव धोक्यात असेल तर 112. दोन्ही क्रमांक गटाच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.