बसल्या जागी दीड हजारांचा वेग

हे वाचताना तुम्ही कुठं बसला आहात? खुर्चीत, झोपाळ्यावर, की लोकलच्या चौथ्या सीटवर? कुठंही असा, तुम्ही धावताय. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून घरात निवांत बसलेला मुंबईकरही ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडं निघालेला असतो. सूर्याभोवतीची प्रदक्षिणा तर सेकंदाला ३० किलोमीटरची, म्हणजे मुंबई ते पुणे पाच सेकंदांत! त्यात पायाखालची जमीन स्वतःही हळूहळू ईशान्येला सरकतेय.

मग पोटातलं पाणी का हलत नाही? कारण शरीराला वेग कळत नाही, कळतो तो वेगातला बदल. आणि तो बदल घडवतं ते बळ. एवढं सूत्र हातात धरा आणि चला, चहाच्या कपापासून निघून एव्हरेस्टवरून फिरून येऊ.

चहा कधी सांडतो?

डेक्कन क्वीन एकसारख्या वेगानं पळत असते तेव्हा डायनिंग कारमधला चहा कपात शहाण्यासारखा बसतो. ब्रेक लागला की तोच चहा पुढच्या काठावर चढतो. ब्रेक कपाला लागलेला असतो, चहाला नाही! चहा आपल्या आधीच्याच वेगानं निघालेला असतो. हे झालं जडत्व. एसटीत दांडी धरून उभं राहणाऱ्याचंही तेच होतं. पाय बसबरोबर थांबतात, धड पुढं जातं. गाडीतला सीटबेल्ट धडाला ब्रेक लावण्याचं काम करतो. म्हणून तो मागच्या सीटवरही लावायचा.

वेग दुप्पट, थांबायला चौपट

ताशी ६० वरून १२० वर गेलात तर ब्रेक दाबल्यावर थांबायला दुप्पट रस्ता लागेल असं वाटतं. लागतो चौपट! कारण धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ब्रेकला आणि टायरला जिरवावी लागते. शिवाय ताशी १०० च्या वेगात एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढं जाते. मोबाइलकडं नुसती नजर टाकली तरी तेवढा रस्ता डोळे मिटून कापल्यासारखा.

कर्जतला मागून धक्का

कर्जतला गाडी थांबली की प्रवासी वडापाव घेतात आणि मागे इंजिनं जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना 'बँकर' म्हणतात. बोरघाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर. रस्त्यावरच्या मोटारीला हा किरकोळ, पण रेल्वेला जबर. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, म्हणजे घर्षण अगदी कमी. सपाटीवर हीच कृपा, थोड्या ताकदीत हजार टनांची गाडी पळते. चढावर मात्र चाक जागच्या जागी गरगरण्याची भीती. मागून ढकललं की जोर वाटला जातो आणि डब्यांमधल्या जोडण्यांवरचा ताणही कमी होतो. चाक घसरू लागलंच तर रुळावर वाळू सोडतात. कॅरमवर पावडर टाकतो ना, त्याच्या नेमकं उलट!

आंबाही पृथ्वीला ओढतो

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवलं आहे की पृथ्वी आपल्या शक्तीनं जड वस्तू स्वतःकडं ओढते. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडला. पुढं १६८७ मध्ये न्यूटननं या ओढीचं गणित मांडलं आणि ओढ दोन्ही बाजूंनी असते हेही दाखवलं. आंबा झाडावरून पडतो तेव्हा पृथ्वीही त्याच्याकडं झेपावते, तेवढ्याच बळानं. फक्त तिचं वजन इतकं अवाढव्य की ती सरकते अणूच्या केंद्रकापेक्षाही अब्जावधी पटींनी कमी.

आणि जड वस्तू आधी पडते हा समज? २ ऑगस्ट १९७१ ला अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. तिथं हवा नाही, अडवणार कोण? दोन्ही एकदमच जमिनीला टेकले.

अढळ ध्रुव ढळतो

भोवऱ्याची जाळी ओढली की तो आरीवर उभा राहतो. थोडा मंदावला की त्याचं डोकं सावकाश गोल फिरायला लागतं. अगदी तसंच पृथ्वीचा अक्षही डोलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं घेऊन. लग्नात नवरा-नवरीला दाखवतात तो ध्रुवतारा म्हणूनच कायमचा ध्रुव नाही. आणखी सुमारे १२,००० वर्षांनी उत्तर दाखवण्याचं काम अभिजित करील. एवढं थांबायचं नसेल तर कॅलेंडर बघा. मकरसंक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकते. १४ जानेवारीची संक्रांत हळूहळू १५ ला येतेय ती या भोवऱ्यामुळंच.

रायगड साडेसतरा मीटर सरकला

आता पायाखाली बघू. पृथ्वीचा बाहेरचा कडक थर अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि बरेच लहान तुकडे आहेत, प्रत्येक साधारण शंभर किलोमीटर जाडीचा. हे भूपट्ट. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला जातो. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याला २०२४ मध्ये ३५० वर्षं झाली. तेवढ्या काळात सिंहासनाची जागा, जगदीश्वराचं देऊळ, टकमक टोक, सगळा गड जवळपास साडेसतरा मीटर पुढं गेला. क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडासाच कमी! गडाच्या पायऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण पायऱ्या, दरी आणि खालचं पाचाडही बरोबरच निघालं होतं. डेक्कन क्वीनमधल्या चहासारखं.

गोधडी घसरते तशी

एवढे अजस्र तुकडे ढकलतं कोण? आपल्याला वाटतं, खाली लाव्ह्याचा समुद्र आणि त्यावर जमीन तरंगते. तसं नाही. खालचं प्रावरण घनच आहे, पण इतकं तापलेलं की लाखो वर्षांत ते डांबरासारखं संथ वाहतं. भूपट्टाला मुख्य ओढ बसते ती त्याच्या बुडणाऱ्या कडेची. समुद्राखालचा पट्ट जुना होतो, थंड होतो, जड होतो आणि दुसऱ्या पट्टाखाली कलून आत जाऊ लागतो. पलंगाच्या कडेवरून गोधडी थोडी खाली लोंबली की तिचंच वजन उरलेली गोधडी ओढून नेतं, तसंच. आंबा पाडणारं गुरुत्वाकर्षण इथं खंड ओढतं.

'खंड सरकतात' हे १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनरनं सांगितलं. तो हवामानशास्त्रज्ञ. भूगर्भवाल्यांनी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही, कारण खंडांना हलवणारं बळ त्याला दाखवता येईना. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला. जगानं त्याचं म्हणणं मान्य केलं ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाचे नकाशे हाती आल्यावर. आपलं खरं ठरलेलं त्याला पाहायला मिळायला हवं होतं, असं आजही मनापासून वाटतं.

शिखरावर समुद्र

एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर. अगदी माथ्यावरचा दगड कोणता? चुनखडीचा, आणि त्यात चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या समुद्रजीवांचे अवशेष. जगातला सगळ्यात उंच दगड हा समुद्राचा तळ आहे! साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला. दोन्ही खंड हलक्या खडकाचे, त्यामुळं खाली जायला कुणी तयार नाही. मग कवच चुरगळलं आणि वर उचललं गेलं. जेवढं वर दिसतं त्याहून कितीतरी जास्त खाली गेलं. तिथलं कवच सुमारे ७० किलोमीटर जाड आहे, नेहमीच्या दुप्पट.

पावसाळ्यात फुगलेलं दार

पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत बसतं. आपण कडी धरून ओढतो, ते हलत नाही. आणखी जोर लावतो, तरी नाही. मग एकदम उघडतं आणि आपण दोन पावलं मागं जातो. भूकंप म्हणजे हेच. भूपट्ट ओढत राहतात, कडा घर्षणानं अडकून बसतात, खडक वाकून ताण साठवत जातो आणि एका क्षणी दार सुटतं. भूकंपाच्या मापात दर वाढीव अंकामागं ऊर्जा जवळपास ३२ पट, म्हणजे ६ आणि ८ रिश्टरमध्ये दोन अंकांचा नव्हे, हजार पटींचा फरक.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला हेच घडलं. तिथल्या भेगा आधीच ताणलेल्या होत्या. शिवसागर जलाशय भरला आणि पाण्याचा दाब भेगांत उतरला. दाबून धरलेल्या कडांची पकड त्यानं सैल केली. धरणाच्या पाण्यानं भूकंप जागा कसा होतो याचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. तिथं शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडून, काळ्या कातळाखालच्या ग्रॅनाइटपर्यंत जाऊन त्याचा माग घेतला.

माळवदाचं गणित

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून गावं झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपानं हजारो माणसं नेली. जमीन हादरली, पण जीव घेतला तो छपरांनी आणि भिंतींनी. न्यूटनचा दुसरा नियम सांगतो, बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमीन तेवढीच हलली तरी वस्तू जितकी जड, तितकं तिच्यावरचं बळ मोठं. उन्हाळ्यात घर गार ठेवणारं मातीचं जाड माळवद आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, दोन्ही जड आणि दोन्ही एकमेकांना न बांधलेली. उपाय फार महाग नाही. छप्पर हलकं, भिंतीच्या आरपार जाणारे दगड आणि दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा. नवं घर बांधताना गवंड्याला हे विचारायलाच हवं.

धक्क्याच्या आधी निरोप

भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या. पहिली पळते जोरात, पण हादरवते कमी. दुसरी सावकाश येते, ती घरं पाडते. या दोघींमधले थोडे सेकंद म्हणजे सोनं. ११ मार्च २०११ ला जपानला ९ रिश्टरचा धक्का बसला. मोठा हादरा रुळांपर्यंत यायच्या आत यंत्रणेनं बुलेट ट्रेनचे ब्रेक लावायला सुरुवात केली. प्रवासी असलेली एकही बुलेट ट्रेन त्या दिवशी रुळावरून घसरली नाही.

एकाच चुलीवरचे

पुन्हा आपल्या बोरघाटात येऊ. डोंगराकडं नीट बघा. कातळकडा, मग उतार, पुन्हा कडा, पायऱ्या पायऱ्यांचा. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप म्हणजे स्वीडिश भाषेतली पायरीच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत हिंदी महासागरातल्या एका तप्त ठिकाणावरून जात होता. चूल जवळजवळ जागेवर आणि वरून तवा सरकतोय, असं ते दृश्य. लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यातूनच सह्याद्री घडला, कळसूबाई उभी राहिली. वेरूळचं कैलास कोरलं गेलं ते याच दगडात.

तवा पुढं सरकला, चूल विझली नाही. तिच्या खुणा ओळीनं दिसतात: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन बेट. तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे आणि त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'भट्टीचं शिखर'.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं उसाच्या मळ्यांत राबायला मॉरिशसला गेली. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या घरी आजही गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. सगळं मागं सोडून आलो, असं त्या पहिल्या पिढीला वाटलं असेल. पण रत्नागिरीच्या जांभ्याखालचा काळा कातळ आणि मॉरिशसच्या उसाखालचा काळा कातळ, दोन्ही एकाच चुलीवरचे. सातासमुद्रापार उतरल्यावर पाय टेकले, ते घरच्याच दगडावर.