मोतीचा माठ

थांब चिनू, ती कात्री आधी खाली ठेव. मोतीला उकडतंय हे खरं. आपल्या संभाजीनगरचा मे महिना, पारा चाळिशीपार, आणि याच्या अंगावर हा एवढा पांढरा झगा. पण झगा आला कुठून, ते ऐक.

बाल्टिक समुद्राकाठी पोमेरेनिया नावाचा थंड मुलूख आहे. आज थोडा जर्मनीत, बराचसा पोलंडमध्ये. तिथल्या कुत्र्यांचं हे घराणं. तोंड नि कान टोकदार, म्हणून जर्मन लोक म्हणाले स्पिट्झ. पूर्वी ही चांगली दांडगी असत. व्हिक्टोरिया राणीनं 1888 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला मार्को नावाचा छोटा पॉमेरियन घेतला, आणि लहान चणीचीच पिल्लं लोकांना हवीशी झाली. 1901 मध्ये राणी शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हाही पलंगावर तिचा पॉमेरियन टुरी होता. इंग्रजांबरोबर हे घराणं आपल्याकडे आलं नि रुळलं. आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो, पण मोतीसारखी बहुतेक इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’ सिनेमातला टफी कसा होता, आईला विचार.

आता मोतीची जीभ बघ. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला येतो तो तळपायांना, तोही जेमतेम. मग हा धापा टाकतो. जिभेवरचं नि घशातलं पाणी वाफ होऊन उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं. आपला माठ असाच पाझरून गार होतो ना? आणि पावसाळ्यात दमट हवेत माठ गार होत नाही, तसा मोतीही तेव्हा लवकर दमतो. मला हे फार नवलाचं वाटतं.

केसांचे थर दोन: वर लांब केस, खाली मऊ लोकर. मधे हवा कोंडलेली. ती थंडी अडवते, तशी उन्हाची तिरीपही कातडीपर्यंत येऊ देत नाही. तू भादरलंस तर कातडी भाजेल, आणि या जातीत केस पुन्हा नीट उगवतीलच असं नाही. झडलेली लोकर तेवढी ब्रशनं काढायची.

फिरायला सूर्य कलल्यावरच. आधी डांबरावर हाताची मागची बाजू टेकव. चटका बसला तर घरी परत. धाप थांबेना, लाळ गळू लागली, पाय लटपटले, तर साधं पाणी अंगावर ओतून पंख्याखाली घ्यायचं नि लगेच डॉक्टरांकडे.

दे तो ब्रश. आणि माठातलं पाणी त्याच्या वाडग्यात ओत.