गाण्याच्या तासाला माफी नको

शाळेच्या वेळापत्रकात गाण्याचा तास आठवड्यातून एखादाच असतो, आणि तोही पुष्कळदा शेवटचा. या तासाला आपल्याकडे एक विचित्र रीत पडून गेली आहे. गणिताच्या तासाला ज्या मुलाला गुरुजी आवर्जून पुढच्या बाकावर बसवतात, त्याच मुलाला गाण्याच्या तासाला माफी मिळते. कमी ऐकू येणाऱ्या मुलीला सांगतात, "तू बाहेर बसून चित्र काढ." हात थरथरणाऱ्या मुलाला सांगतात, "तू नुसता बघ." बोलताना अडखळणाऱ्याला प्रार्थनेत मागच्या रांगेत उभे करतात. यात दुष्टपणा मुळीच नसतो. उलट मायाच असते. पण मायेने दिलेली माफी आणि बाहेर काढणे यांतला फरक त्या लेकराला कळत नाही. बाकीचे सगळे एका सुरात गातात आणि आपण त्यांच्यात नाही, एवढेच त्याला कळते.

याच्या अगदी उलट चूक आंधळ्या मुलाच्या बाबतीत होते. दिसत नाही ना, मग हा गवईच होणार, असे आपण ठरवून टाकतो आणि त्याला पेटीपुढे बसवतो. त्याला गाण्याची आवड आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. डोळे नसले म्हणजे गळा आपोआप गोड होतो, असे नाही. एकाला न विचारता माफी, दुसऱ्याला न विचारता सक्ती. दोन्हीकडे आपण मुलाकडे न पाहता त्याच्या व्यंगाकडेच पाहतो.

गुरुजनहो, मायबापहो, आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या माफीविषयी.

पहिली गोष्ट कायद्याची. 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात 21 प्रकारची अपंगत्वे नोंदलेली आहेत. सरकारी व मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबर खेळ व मनोरंजनाचीही संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे या कायद्यात म्हटले आहे. 'इतरांच्या बरोबरीने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुलाचे नाव हजेरीपटावर घातले, दाराशी उतरण बांधली, आणि गाण्याच्या तासाला त्याला बाहेर बसवले, तर बरोबरी कुठे राहिली?

पण कायद्याचे नाव घेतले की मन जरा आखडते. म्हणून आपल्या घरातलीच गोष्ट सांगतो. आमचे बेलापूर प्रवरेच्या काठी. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, 1290 साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. या सगळ्या मुलखात भजन आणि हरिनाम सप्ताह काही नवे नाहीत. तर भजनाची बैठक नीट न्याहाळून बघा. तिथे सगळे जण एकच काम करतात का? नाही. एक जण चाल सांगतो. एक पखवाज सांभाळतो. पाचपन्नास टाळकरी टाळ धरतात. ज्याला सगळा अभंग पाठ नसतो तो ध्रुवपद आले की आवाज मिळवतो. आणि सप्ताहात वीणेचा पहारा असतो. वीणा रात्रंदिवस खाली ठेवायची नाही, म्हणून पाळीपाळीने एकेक जण ती गळ्यात घेऊन उभा राहतो. पहारेकरी मोठा गवई असावा लागत नाही. पण त्याच्यावाचून सप्ताह चालत नाही.

निरनिराळी कामे आणि एकच गाणे! शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हल्ली 'समावेशक शिक्षण' म्हणून जे सांगतात त्याचे मर्म हेच आहे. आपल्या बापजाद्यांना ते पारावर बसून साधले होते. ते आपण शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आलो, एवढेच.

वारकऱ्यांत हातपाय नसलेल्या कूर्मदासाची कथा सांगतात. पैठणला कीर्तन ऐकून त्याला पंढरीची ओढ लागली आणि तो सरपटत निघाला. लऊळपर्यंत पोचला आणि पुढे जाणे होईना, तेव्हा विठोबाच उठून त्याच्या भेटीला आला. देव जर भक्ताजवळ चालत येतो, तर गाण्याचा तास मुलाजवळ चार पावले सरकायला काय हरकत आहे?

आता इतिहासातले एक नाव. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू नावाच्या मुलाच्या चेहऱ्याजवळ लहानपणी शोभेची दारू फुटली आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. दृष्टी मंदावली, नेहमीच्या शाळेचे शिक्षण खुंटले. तेव्हा तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला. हेच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर झाले. ते थोर गायक होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेले वर्ग, छापलेली पुस्तके, स्वर लिहिण्याची पद्धत, अशी सगळी घडी बसवून त्यांनी गाणे मूठभर घराण्यांतून काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपुढे ठेवले. ज्याला नेहमीची शाळा दुरावली त्यानेच इतरांसाठी शाळा उघडली. 1931 साली ते वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात.

आता तुम्ही म्हणाल, आंधळ्याचे ठीक आहे हो. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याने गाण्याच्या तासाला काय करायचे?

रास्त प्रश्न आहे. आवाज म्हणजे कंप. माणसाच्या कानाला सेकंदाला 20 पासून 20,000 पर्यंतचे कंप ऐकू येतात. आपल्या कातडीची धाव तेवढी नाही. पण सेकंदाला काही शे कंपांपर्यंत ती चांगली जाणते. पेटीवरचा मधल्या सप्तकातला पांढरी एकचा सूर सेकंदाला सुमारे 260 कंपांचा असतो, म्हणजे तो तळहाताच्या टप्प्यातला आहे. पेटीच्या लाकडावर हात ठेवून बघा, तुम्हालाच कळेल. ढोलकीच्या खोडाला किंवा ढोलाला हात लावला तर ठोका थेट कोपरापर्यंत पोचतो.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या बाई जगप्रसिद्ध तालवादक आहेत. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे कान जाऊ लागले आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळे ऐकणे गेले. त्यांच्या शिक्षकांनी माफी दिली नाही. ते नगारे वाजवीत आणि या मुलीला वर्गाच्या भिंतीवर हात टेकून कंप ओळखायला लावीत. पुढे त्या अनवाणी वाजवू लागल्या, कारण जमिनीतून येणारे कंप तळपायांना कळतात. प्रत्येक बहिरे मूल ग्लेनी होईल, असे मी म्हणत नाही. पण कान हा गाण्याचा एकुलता एक दरवाजा नव्हे, एवढे यावरून दिसते. शिवाय कमी ऐकणाऱ्या बहुतेक मुलांना थोडेफार ऐकू येतच असते.

आता प्रत्यक्ष तासाकडे वळू. समजा, पाचवीच्या वर्गात 40 मुले आहेत, शाळेत एक जुनी पेटी, एक ढोलकी आणि चार टाळ आहेत, आणि संगीताचा वेगळा शिक्षक नाही. आठ मात्रांचा केरवा घ्या, म्हणजे आपला नेहमीचा भजनी चालीचा ठेका. आधी वाद्ये बाजूला ठेवा. एकावर टाळी, पाचावर हात उघडून खाली दाखवायची, असे सगळ्यांकडून करवून घ्या. गुरुजींनी हात उंच धरून करावे, म्हणजे न ऐकणाऱ्याला दिसेल; आणि तोंडाने मोजावे, म्हणजे न दिसणाऱ्याला कळेल.

मग कामे वाटा. न दिसणाऱ्या मुलाला पेटी हवी असेल तर त्याला "हे बघ" म्हणू नका. त्याचा हात तुमच्या हातावर ठेवू द्या. पेटीवरच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी असतात. बोटांनी त्या चाचपल्या की कुठली पट्टी कुठे हे त्याला डोळ्यांवाचून सापडते. लुई ब्रेल यांनी 1829 साली ठिपक्यांच्या लिपीचे पहिले पुस्तक छापले, तेव्हा त्यात अक्षरांच्या जोडीने संगीत लिहिण्याचीही सोय सांगितली होती. ते स्वतः ऑर्गन वाजवीत.

कमी ऐकणाऱ्या मुलीला ढोलकी द्या आणि तुमच्या समोर बसवा. तुमचा हात तिला दिसला पाहिजे. कानाला यंत्र असेल तर मोठा ठोका एकदम कानाशी देऊ नका. ज्याचे हात वळत नाहीत त्याच्या मनगटाला घुंगरू बांधा, किंवा चिपळीच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड करा. आठही मात्रा त्याच्याकडून होणार नाहीत. एकट्या समेची मात्रा त्याला द्या. त्याचे घुंगरू वाजल्याखेरीज गाणे सुरू करायचे नाही, असा नियम ठेवा. मग बघा वर्ग त्याच्याकडे कसा बघतो ते! ज्याला उशिरा समजते त्याला सगळे कडवे नको. ध्रुवपद पक्के करा. अडखळणाऱ्याला सर्वांबरोबर गाऊ द्या. बोलताना अडखळणारी पुष्कळ माणसे गाताना अडखळत नाहीत.

स्वमग्न मुलाला मोठ्या आवाजाचा त्रास होऊ शकतो. त्याला आधी सांगा की आता ढोलकी वाजणार आहे. दाराजवळ जागा द्या. उठून बाहेर गेला तर जाऊ द्या, परत आला तर काही न बोलता आत घ्या. आवाज हळूहळू वाढवा. याला शिस्त बिघडणे म्हणत नाहीत; याला वाट बघणे म्हणतात.

दोन गोष्टींची मात्र खबरदारी घ्या. पहिली, गाणे हे औषध नव्हे. गाण्याने मूल बरे होईल, अशी आशा आईबापांना लावू नका. भूगोल शिकवताना मूल बरे व्हावे म्हणून आपण शिकवतो का? गाणेही शिक्षणच आहे. ते शिकण्याचा मुलाला हक्क आहे, एवढे कारण पुरे. दुसरी, स्नेहसंमेलनात अशा मुलांचा वेगळा 'कार्यक्रम' करून पाहुण्यांकडून टाळ्या मिळवू नका. त्या टाळ्या दयेच्या असतात, आणि मुलाला त्या बरोबर ओळखू येतात. त्याला चाळीस जणांच्या रांगेतच बसवा. चुकला तर इतरांसारखे चुकीचे सांगा, जमले तर इतरांसारखीच शाबासकी द्या. गुण देताना शेजारच्याशी तुलना नको. गेल्या महिन्यात त्याला काय येत होते आणि आज काय येते, ते पाहा.

घरच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. वस्तीवर भजन असेल, शाळेत प्रार्थना असेल, तर आपल्या अशा लेकराला घरी ठेवू नका. लोक काय म्हणतील, ही भीती पहिल्या दिवशी असते. चौथ्या दिवशी लोक विचारतात, आज तो टाळवाला पोरगा कुठाय?

आणि गुरुजी, बाई, येत्या आठवड्यात गाण्याचा तास येईल तेव्हा बाहेर कोण बसले आहे, ते दारातून एकदा बघा. त्याला आत बोलवा आणि काहीतरी एक काम द्या. काम लहान असले तरी चालेल. फक्त ते असे असू द्या की तो नसला तर गाणे अडेल.